महाराष्ट्र विधानसभेतील १२ आमदारांचे निलंबन (२०२१)

महाराष्ट्र विधानसभेने ५ जुलै २०२१ रोजी भारतीय जनता पक्षाच्या १२ सदस्यांना एका वर्षासाठी निलंबित केले. आशिष शेलार विरुद्ध महाराष्ट्र विधानसभा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी त्या अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य ठरवून रद्द केले. हे अधिवेशनच दोन दिवसांचे असल्याने वर्षभराच्या शिक्षेपैकी जेमतेम दीड दिवस उरला.

पार्श्वभूमी

४ मार्च २०२१ च्या विकास गवळी खटल्यातील निकालामुळे स्थानिक स्वराज्य संस्थांमधील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण अडचणीत आले होते. (याच वादापायी पुढे भंडारा व गोंदिया जिल्हा परिषदांची निवडणूक दोन टप्प्यांत घ्यावी लागली.) आवश्यक इम्पिरिकल डेटा केंद्राने द्यावा, या ठरावावेळी सभागृहात गोंधळ झाला. भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे आमदार नाना पटोले यांच्या राजीनाम्यामुळे अध्यक्षपद रिक्त होते. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव कामकाज पाहत होते. त्यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी निलंबनाचा प्रस्ताव मांडला.

निकाल

संविधानाच्या अनुच्छेद २१२ नुसार कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. मात्र अनियमितता आणि घटनाबाह्य कृती यांत फरक आहे, हे राजा राम पाल खटल्यात (२००७) आधीच स्पष्ट झाले होते. न्या. अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय खंडपीठाने त्याचाच आधार घेतला. विधानसभा नियम ५३ अन्वये सदस्याला फार तर उर्वरित अधिवेशनापुरते दूर ठेवता येते. अनुच्छेद १९०(४) मध्ये विनापरवानगी अनुपस्थितीची मर्यादा ६० दिवसांची आहे, तर रिक्त जागा सहा महिन्यांत भरण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ मध्ये आहे. वर्षभराचे निलंबन म्हणूनच हकालपट्टीपेक्षाही वाईट ठरते, असे न्यायालयाने म्हटले: हकालपट्टीनंतर पोटनिवडणूक तरी होते, निलंबनात जागा रिक्त होत नाही आणि मतदारसंघाला प्रतिनिधीही राहत नाही. अल्प बहुमताच्या सरकारला अशा मार्गाने विरोधकांचे संख्याबळ घटवता येईल, हा धोकाही निकालात नोंदवला आहे.

पडसाद

फेब्रुवारी २०२२ मध्ये विधान परिषदेचे सभापती रामराजे नाईक-निंबाळकर, उपसभापती नीलम गोऱ्हे आणि विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची भेट घेऊन विधिमंडळाच्या अधिकारांवरील न्यायालयीन हस्तक्षेपाचा प्रश्न मांडला. निलंबित सदस्यांना मात्र मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात प्रवेश देण्यात आला.