टिमला विसावा हवा होता

‘डीजे’ हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. गणपतीची मिरवणूक असो नाहीतर लग्नाची वरात, ‘डीजे सांगितलाय ना?’ हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. आपल्या लेखी डीजे म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत आणि छातीत धडधडणारा आवाज. पण मुळात डीजे म्हणजे ते यंत्र नव्हे, ते चालवणारा माणूस. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात असं शिरायचं, की नाचणाऱ्याचा पाय कुठं अडखळता कामा नये, हे त्याचं कसब. आणि तीच गाणी जो स्वतः संगणकावर रचतो, तो निर्माता. ही दोन्ही कामं करून विशी-पंचविशीतच जगभर नाव कमावलेल्या एका मुलाची ही गोष्ट. खरं तर त्याच्याइतकीच त्याच्या आईवडिलांचीही.

टिम बर्गलिंग ८ सप्टेंबर १९८९ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोममध्ये जन्मला. आई अँकी लिडेन ही तिथली नावाजलेली अभिनेत्री. ‘माय लाइफ अ‍ॅज अ डॉग’ या १९८५च्या गाजलेल्या स्वीडिश चित्रपटात छोट्या नायकाच्या आजारी आईची भूमिका तिनंच केली होती. वडील क्लास व्यावसायिक. भावंडांत टिम शेंडेफळ. स्वभावानं लाजाळू, चार लोकांत बुजणारा. शाळकरी वयात एका मित्रामुळे संगणकावर संगीत रचण्याचा प्रोग्रॅम त्याच्या हाती लागला आणि पोरगा खोलीबाहेर पडेना! ना गुरू, ना क्लास. ऐकायचं, जुळवायचं, मोडायचं, पुन्हा जुळवायचं. रचलेल्या चाली तो इंटरनेटवर टाकायचा आणि अनोळखी लोक त्यावर मतं द्यायचे.

तिथं टोपणनाव हवं म्हणून त्यानं घेतलं ‘अवीची’. शब्द ओळखीचा वाटला ना? आपलाच आहे तो. बौद्ध ग्रंथांत सगळ्यांत खालच्या नरकाचं हे नाव, आपल्या पुराणांतल्या नरकांच्या यादीतही ते सापडतं. तिथल्या यातनांना खंड नाही, मध्ये क्षणाची उसंत नाही, असं त्याचं वर्णन. टिमला अर्थापेक्षा नावाचा वेगळेपणा भावला असावा. ते नाव त्या संकेतस्थळावर आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, म्हणून त्यानं रोमन अक्षरांत शेवटी एक जादा ‘आय’ जोडला आणि ‘अविची’ तयार झाला.

२०११मध्ये त्याचं ‘लेव्हल्स’ आलं. १९६२ सालच्या एटा जेम्स या अमेरिकी गायिकेच्या गाण्यातला एक तुकडा त्यानं उचलला आणि भोवती स्वतःची साधी, गुणगुणता येईल अशी चाल गुंफली. या गाण्याचे ठोके मिनिटाला १२६. स्वस्थ बसलेलं असताना आपलं काळीज साधारण ७० ते ८० ठोके देतं. म्हणजे झपाझप चालून आल्यावर जशी धडधड होते, तशी ही लय. ऐकणारा जागचा हलणारच! बघता बघता गाणं देशोदेशी पोचलं.

२०१३च्या मार्चमध्ये अमेरिकेत मायामीच्या मोठ्या महोत्सवात टिमनं भलतंच धाडस केलं. नाचायला आलेल्या हजारो तरुणांसमोर त्यानं गावरान अमेरिकी वाद्यं वाजवणारे कलावंतच मंचावर आणले. लोक गोंधळले, इंटरनेटवर टिंगल झाली. पण तिथं पहिल्यांदा ऐकवलेलं ‘वेक मी अप’ जूनमध्ये बाजारात आलं आणि वीसहून अधिक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाचाचं संगीत आणि मातीतलं लोकसंगीत यांची अशी सांगड त्याआधी फार कुणी घातली नव्हती. तेव्हा टिमचं वय होतं २३!

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, नशीब काढलं पोरानं. पण या पेशाचं रोजचं वेळापत्रक जरा डोळ्यांसमोर आणा. कार्यक्रम मध्यरात्रीनंतर. तो संपवून पहाटे विमानतळ, दुसरा देश, हॉटेलची खोली, मुलाखती, फोटो आणि रात्री पुन्हा मंच. आठेक वर्षांत टिमनं आठशेच्या वर कार्यक्रम केले. मुळात बुजरा मुलगा. हजारो लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. धीर यावा म्हणून त्यानं दारूचा आधार घेतला. क्लबमध्ये तर ती हाताशीच असते, मागावीही लागत नाही.

जानेवारी २०१२मध्ये, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, त्याला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात अकरा दिवस राहावं लागलं. दारूमुळे स्वादुपिंडाला सूज आली होती. त्या वर्षाच्या सुरुवातीच्याच दौऱ्यातून त्यानं भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या ‘फीडिंग अमेरिका’ या संस्थेला दहा लाख डॉलर दिले, हेही सांगायला हवं. पैशाचा लोभ धरून पळणारा हा मुलगा नव्हता. पण दौऱ्यांचं चाक एकदा फिरू लागलं की थांबवणार कोण? तारखा महिनोन् महिने आधी ठरलेल्या, तिकिटं विकलेली, कित्येकांची पोटं त्यावर अवलंबून. २०१४मध्ये पित्ताशय आणि अपेंडिक्स काढावं लागलं. दुखण्यावरच्या गोळ्यांची सवय जडली ती वेगळीच. आपल्याला हे झेपत नाही, असं तो सोबतच्या लोकांना सांगत होता. २०१७च्या ‘अविची : ट्रू स्टोरीज’ या माहितीपटात ते दिसतं आणि पाहताना जीव गलबलतो.

शेवटी २०१६मध्ये, २६व्या वर्षी, त्यानं जाहीर करून टाकलं, आता मंच नको. त्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या इबिझा बेटावर शेवटचा कार्यक्रम झाला. नंतर तो हिंडला, ध्यानधारणा करू लागला, नवी गाणी रचू लागला. सगळ्यांना वाटलं, सुटला. पण २० एप्रिल २०१८ रोजी ओमानमधल्या मस्कतला सुट्टीवर असताना त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वय २८.

अशा वेळी आपण लगेच कारण शोधायला निघतो. दारू, पैसा, प्रसिद्धी. पण मनाच्या दुखण्याचं कारण कधीच एक नसतं आणि एकाच कुणाला दोषी धरूनही हाती काही लागत नाही. अँकी आणि क्लास यांनी २०१९मध्ये मुलाच्या नावानं ‘टिम बर्गलिंग फाउंडेशन’ सुरू केलं. तरुणांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या रोखणं, हे तिचं काम. त्याच जूनमध्ये टिमची अर्धवट राहिलेली गाणी त्याच्या सोबत्यांनी पुरी केली आणि ‘टिम’ याच नावानं अल्बम निघाला. त्याचं उत्पन्न या संस्थेकडे जातं. स्टॉकहोममधला गोल घुमटाचा प्रसिद्ध ‘ग्लोब’ टिमच्या जन्माच्याच वर्षी, १९८९मध्ये खुला झाला होता. २०२१मध्ये त्याला ‘अविची अरीना’ हे नाव देण्यात आलं. पोटचं पोर गेल्यावर दुसऱ्यांच्या पोरांसाठी उभं राहायला काय काळीज लागत असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, आपली मुलं काही जगभर कार्यक्रम करत फिरत नाहीत. पण पुण्या-मुंबईला, बंगळुरूला नोकरीला गेलेला मुलगा रात्रपाळी करतो, वेळेवर पैसे पाठवतो आणि आपण शेजारणीला कौतुकानं सांगतो, ‘छान चाललंय त्याचं.’ चाललं असेलही. पण फोनवर पगारवाढीआधी झोपेची चौकशी करायला काय हरकत आहे? ‘दमलोय गं आई’ असं तो म्हणाला, तर ‘या वयात कसला दमतोस!’ हे वाक्य ओठांवरच थांबवावं. पुढचं ऐकून घ्यावं. ‘नकोच वाटतंय सगळं’ असा सूर आला, तर त्याला एकटं ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यायला लाजू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर, मराठीतही बोलता येतं. घरात सगळ्यांना दिसेल असा तो लिहून ठेवा. आणि हो, मुलांइतकाच तो आपल्यासाठीही आहे.