वाकळ : जुनेराची शिवण

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत वाकळेविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. वाकळ ही वळकटीत गुंडाळून कोनाड्यात सारण्याची वस्तू. पाहुणे आले की चादर पुढे येते आणि वाकळ आत जाते. तथापि ज्या वस्तूने तीन-तीन पिढ्यांची थंडी निवारली ती नेमकी टिकते कशामुळे, हे आपण कधी नीट पाहिलेले नसते. आणि ते पाहिल्याखेरीज अलीकडे वाकळी लवकर का विरू लागल्या याचाही उलगडा होत नाही.

देशावर जिला गोधडी म्हणतात ती आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडे वाकळ. आमचे कानडी शेजारी तिला कौदी म्हणतात. संस्कृतातील कंथा आणि बंगालमधील कांथा याच कुळातील. नावे निरनिराळी असली तरी मूळ द्रव्य एकच : जुनेर. नव्या कापडाची वाकळ करू नये असा जो दंडक जुन्या बायका सांगत, त्याला व्यवहाराचा आधार आहे. नव्या कापडात खळ असते, ते ताठ असते, आणि धुतल्यावर आटते. शंभर वेळा धुतलेले सुती लुगडे जितके आटायचे तितके आटून गेलेले असते. त्याचे चार थर एकत्र शिवले तर पुढे एक थर आटला व दुसरा ढिला राहिला, असे होत नाही.

नऊवारी लुगड्याचे गणित येथे पाहण्याजोगे आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याची चौघडी केली की पावणेसात फूट लांबीचे चार थर मिळतात. पन्हा सुमारे चार फुटांचा धरला तर एका माणसाचे अंग झाकेल इतकी रुंदीही आपोआप येते. म्हणजे एका लुगड्यात, कात्री न लावता, एक वाकळ बसते! हा योगायोग असो वा नसो, गरीब घराला तो मोठा सोयीचा होता. फाटलेल्या जागी आतून ठिगळे द्यावयाची, सदऱ्यांचे आणि परकरांचे तुकडे मधल्या थरांत पसरावयाचे, आणि इरकलीचे धड उरलेले काठ कडेला लावावयाचे, कारण कडच सर्वांत आधी झिजते.

खरी विद्या मात्र टाक्यात आहे. हा टाका म्हणजे शाळेच्या शिवणवर्गात मुली पहिल्याच दिवशी शिकतात तो धावदोरा. त्याहून साधा टाका नाही. दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर धरले तर चार फूट रुंदीत ९६ ओळी येतात, आणि प्रत्येक ओळ पावणेसात फुटांची. म्हणजे शिवणीची एकूण लांबी ६४८ फूट झाली. इंचाला दोनच टाके धरले तरी एका वाकळेत साडेपंधरा हजारांहून अधिक टाके पडतात. इतके टाके घालावयाचे कशासाठी? वाकळेची ऊब केवळ कापडाची नव्हे. थरांमध्ये अडकून राहिलेल्या स्थिर हवेची ती ऊब आहे. ओळी फार विरळ घातल्या तर आतले तुकडे सरकून गोळा होतात आणि मध्ये पोकळ जागा राहते. दोरा फार ओढला तर थर दाबले जाऊन हवाच उरत नाही, व वाकळ पत्र्यासारखी होते. या दोहोंमधला हात पुस्तकाने येत नाही. पुन्हा, ओळी अशा जवळ असल्यामुळे एके ठिकाणी दोरा तुटला तरी शेजारच्या ओळी थर धरून ठेवतात.

हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया जी कवंदी शिवतात, तिची रीत थोडी निराळी आहे. या समाजाचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतील. त्यांतील अनेकांना पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. जुन्या साडीच्या अस्तरावर त्या कडेपासून तुकडे लावीत व शिवीत जातात, आणि वळसे घेत मध्यभागी पोहोचतात. चारही कोपऱ्यांत घडी घातलेले लहान त्रिकोणी तुकडे बसवितात, त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. हेन्री ड्रूअल या अमेरिकी कलेतिहासकाराने या कामाचा अभ्यास केल्यानंतर कवंद्या तिकडील प्रदर्शनांत भिंतींवर लागल्या. त्यांची रंगसंगती पाहून लोक थक्क होतात. योग्यच आहे, मात्र भिंतीवरच्या कवंदीचे वजन अंगावर घेतल्यावाचून ती अर्धीच कळते.

आता अडचणीकडे वळू. गेल्या चार-पाच दशकांत सुती लुगडी घरांतून गेली आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. या साड्या फाटत नाहीत, म्हणून वाकळेला उत्तम, असे प्रथम वाटते. पण हा धागा गुळगुळीत असल्याने थर एकमेकांवर ठरत नाहीत; घाम शोषला जात नाही; कितीही धुतले तरी त्याला जुनेराचा मऊपणा येत नाही. पुष्कळदा कापड शाबूत राहते आणि सुती दोराच आधी तुटतो. न्यायाने सांगावयाचे तर बेळगावच्या पावसात अशी वाकळ सुतीपेक्षा पुष्कळ लवकर वाळते, हा गुण नाकारता येणार नाही. काही जाणत्या बायकांनी यावर तोड काढली आहे : वरच्या व खालच्या अंगाला नवी साडी, आणि मध्ये धोतर, पंचे, जुन्या सुती चादरी. मधला थर सुती असला म्हणजे तो खरखरीतपणाने दोन्ही बाजू धरून ठेवतो. यंत्रावर शिवून घेण्याचीही चाल पडली आहे. काम तासाभरात उरकते, परंतु शिवण ताणून बसत असल्याने वाकळ ताठ राहते.

आमच्या घरी आता एकच हातची वाकळ उरली आहे. तिच्या आत आजोबांचे धोतर आहे, वर आजीचे लुगडे. घटस्थापनेपूर्वी ती धुण्याचा प्रघात आईने अखेरपर्यंत पाळला. गेल्या वेळी पिळताना एका कोपऱ्याची सात-आठ बोटे शिवण उसवली. पाऊस उघडला की ती पुन्हा घालावयाची आहे, आणि त्यासाठी जाड सुती दोरा शोधणे चालू आहे.