मोटारीची हिवाळी पायताणे

पौष महिन्यात पहाटे अंगावर शाल घ्यावी लागली की, 'यंदा थंडी कडाक्याची पडली' असे आपण एकमेकांस सांगू लागतो. गोमंतकात वाढलेल्या मुलाला पाणी गोठण्याचा अनुभव येतो तो शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यापुरताच. तेव्हा थंडीच्या दिवसांत मोटारीचे टायर बदलावेत की नाही, या प्रश्नाचे आपल्या शाळेच्या वार्षिकात काय काम, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, हा प्रश्न आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने मला विचारला; आणि विचारण्यापूर्वी त्याची गाडी एका चौकाच्या मधोमध जाऊन थांबली होती.

हा विद्यार्थी नोकरीनिमित्त कॅनडाच्या राजधानीत, ओटावा शहरी, जाऊन राहिला. तेथे त्याने एक जुनी मोटार विकत घेतली. श्रावणातल्या धो धो पावसात घाटातून गाडी हाकण्याची सवय असल्यामुळे आपल्याला रस्त्याचे भय नाही, असा त्याचा समज होता. गाडीला टायर होते ते तिकडे 'सर्व ऋतूंचे' म्हणून विकले जाणारे. हिवाळ्यासाठी निराळे टायर घ्यावेत का, असे त्याने चार जणांना विचारले आणि चार उत्तरे मिळाली. कोणी म्हणाले, शहरातील रस्ते हिम पडताच साफ होतात, तेव्हा हा खर्च फुकट. कोणी म्हणाले, टायर कंपन्यांनी माल खपविण्यासाठी उठविलेले हे खूळ आहे. कोणी म्हणाले, गाडी सावकाश हाकली म्हणजे झाले. एका वृद्ध गृहस्थाने मात्र सांगितले की, खर्च चुकत नाही. आज टायरवाल्याला द्या, नाहीतर उद्या दुरुस्तीवाल्याला. पगार बेताचा असल्यामुळे आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या तिघांचे ऐकले.

पुढे जानेवारीतील एका सकाळी, आकाश निरभ्र आणि रस्ता दिसावयास कोरडा असताना, चौकातील तांबडा दिवा पाहून त्याने ब्रेक दाबला. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ती पांढरी रेषा ओलांडून सरळ चौकात गेली. समोरून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळीच बस आवरली म्हणून कोणास इजा झाली नाही. "सर, शेजारच्या रांगेत माझ्याहून जुनी गाडी होती; ती रेषेच्या अलीकडे थांबली. तिची नंबरपाटी क्वेबेकची होती," असे त्याने फोनवर सांगितले.

एका प्रसंगावरून सिद्धान्त काढू नये, हे मी वर्गात नेहमी सांगतो. तो चालक अधिक सावध असेल, किंवा त्याच्या रांगेत बर्फ कमी असेल. परंतु त्या नंबरपाटीमागे एक मौजेची हकीकत आहे. ओटावा शहर ऑन्टेरिओ प्रांतात आहे. ओटावा नदीच्या पलीकडच्या तीरावरील गातिनो हे गाव क्वेबेक प्रांतात. दोहोंना जोडणाऱ्या पुलांवरून रोज हजारो माणसे कामासाठी ये-जा करतात. क्वेबेकमध्ये २००८ सालच्या हिवाळ्यापासून तेथे नोंदलेल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे झाले. आरंभी ही सक्ती १५ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत होती. २०१९ पासून ती १ डिसेंबरलाच सुरू होते. ऑन्टेरिओत अशी सक्ती नाही. तेथे विमा कंपन्यांनी हिवाळी टायर लावणाऱ्यास हप्त्यात सूट द्यावी, असा नियम २०१६ च्या १ जानेवारीपासून आहे. बाकी ज्याची त्याची मर्जी. म्हणजे नदी एक, पूल एक, बर्फही एकच; पण एका तीरावर जी गोष्ट कायद्याची, ती दुसऱ्या तीरावर खिशाची आणि अकलेची.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'हिवाळी टायर' म्हटले की ते हिमासाठी असतात, असे आपणांस वाटते. हा अर्धाच भाग झाला. हे टायर प्रथम थंडीसाठी असतात, आणि मग हिमासाठी. हा भेद समजण्यास आपल्या स्वयंपाकघरात एक चांगले उदाहरण आहे. खोबरेल तेलाची बाटली थंडीच्या सकाळी थिजून पांढरी होते. मुली ती उन्हात ठेवतात. शेजारची शेंगदाणा तेलाची बाटली मात्र तशीच पातळ राहते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. शेंगदाणा तेलाला त्याहून पुष्कळ अधिक गारठा लागतो. दोन्ही तेलेच, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

रबराचेही तसेच आहे. फरक एवढाच की रबर तेलासारखे एका विशिष्ट अंशावर थिजत नाही, ते हळूहळू ताठर होत जाते आणि पुरेशा थंडीत काचेसारखे कडक व ठिसूळ बनते. टायरचे रबर रस्त्याला धरते ते केवळ खरबरीतपणामुळे नव्हे. मोटारीच्या भाराने रबर दबते, रस्त्याच्या बारीक उंचसखल भागांत शिरते आणि तेथून ओढले जाताना अडते. म्हणून ते मऊ असावे लागते. ताठर रबर त्या उंचवट्यांच्या केवळ माथ्यावरून सरकत जाते. उन्हाळी टायरचे मिश्रण तापलेल्या रस्त्यावर टिकावे म्हणून मुद्दाम घट्ट केलेले असते. तेच थंडीत त्याला नडते. सुमारे ७ अंशांखाली तापमान गेले की हिवाळी टायर सरस ठरू लागतात, असे टायर बनविणारे सांगतात. हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. ८ अंशांवर सुरक्षित आणि ६ अंशांवर धोका, असे होत नाही. परंतु ओटावासारख्या ठिकाणी, जेथे जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज उतरतो, तेथे हा वाद उरतच नाही.

थंडीत रबर काय करते याचे जगाला हृदय हेलावून टाकणारे प्रत्यंतर १९८६ साली आले. त्या वर्षी २८ जानेवारीस अमेरिकेचे 'चॅलेंजर' अवकाशयान एका गारठलेल्या सकाळी उडाले आणि ७३ सेकंदांत त्याचा नाश होऊन सातही अंतराळवीर मृत्यू पावले. प्रक्षेपकाच्या सांध्यांत बसविलेली रबराची कडी थंडीमुळे ताठरली आणि सांधा घट्ट मिटू शकली नाही. चौकशी समितीपुढे प्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी काय करावे? त्यांनी त्या रबराचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फ घातलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडविला, आणि बाहेर काढून चिमटा सोडला. तुकडा चटकन मूळ आकारावर येईना. मोठमोठ्या अहवालांनी जे उमजले नसते, ते त्या पेल्याने दाखविले.

हिवाळी टायरमध्ये म्हणून नैसर्गिक रबराचे प्रमाण अधिक ठेवतात आणि त्यात सिलिकाही मिसळतात. नैसर्गिक रबर काचेसारखे कडक होण्यास शून्याखाली सुमारे ७० अंश थंडी लागते. गंमत पाहा, आपल्या सत्तरी-सांगे भागांत आणि केरळात ज्याची लागवड आहे तो रबराचा वृक्ष स्वतः दहिवराचा कडाका सोसू शकत नाही. पण त्याचा चीक मात्र उत्तरेकडच्या हिमात माणसाची गाडी सावरून धरतो!

आता हिमाकडे येऊ. बोलताना आपण बर्फ या एकाच शब्दावर भागवितो. हिम हा शब्द पुस्तकात राहतो. पण मोटारीच्या दृष्टीने या दोन वस्तू भिन्न आहेत. भुरभुरणारे हिम ओल्या वाळूसारखे असते. समुद्रकिनाऱ्यावर मुले ओल्या वाळूचे लाडू वळतात, तसे हिम दाबले की एकमेकांस घट्ट चिकटते. हिवाळी टायरच्या रुंद खाचांत हिम गच्च भरते आणि खाचेतील हिम रस्त्यावरील हिमाला धरून ठेवते. पावसाळ्यात टायरने चिखलपाणी बाहेर फेकावे अशी आपली अपेक्षा असते. येथे त्याने आत धरून ठेवावे हेच इष्ट. याखेरीज टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने घातल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फावर ओरखडा घेतात आणि वरचा पाण्याचा पातळ थर मोडतात. जॉन साइप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ओल्या जमिनीवर बूट घसरू नयेत म्हणून तळव्यांना अशा चिरा पाडल्या, असे सांगतात; त्याचेच नाव इंग्रजीत या चिरांना पडले आहे. म्हणजे मोटारीची ही पायताणे खऱ्या पायताणावरूनच सुचली म्हणावयाची.

कठीण बर्फाचा स्वभाव आणखी निराळा. त्याच्या पृष्ठावर पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. शून्याच्या आसपास तो अधिक असतो आणि बर्फ सर्वांत निसरडा होतो. फार थंडीत तो उलट थोडा कमी निसरडा असतो. रहदारीने घासून गुळगुळीत झालेल्या चौकात हा बर्फ इतका पारदर्शक असतो की त्याखालचा काळा रस्ताच तेवढा दिसतो. आमच्या विद्यार्थ्याला रस्ता कोरडा वाटला तो असा.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी येथे वही-पेन्सिल घ्यावी. ब्रेक लावल्यानंतर गाडी किती अंतर जाईल, हे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट, या सूत्राने निघते. त्यात गाडीचे वजन कोठेच येत नाही. तेव्हा 'माझी गाडी भारी आहे, ती घसरणार नाही' हे म्हणणे पोकळ आहे. वेग ताशी ५० किलोमीटर धरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या हिमावर तो एका टायरचा ०.३ आणि दुसऱ्याचा ०.२ आहे असे समजा. एवढा फरक काही मोठा वाटत नाही. पण पहिली गाडी सुमारे ३३ मीटरवर थांबेल, दुसरी सुमारे ४९ मीटरवर. आणि याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, जेथे पहिली गाडी उभी राहिली त्या जागेवरून दुसरी गाडी जाईल तेव्हा तिचा वेग अजून ताशी सुमारे २९ किलोमीटर असेल. त्या जागी रस्ता ओलांडणारे एखादे मूल असेल, तर ०.३ आणि ०.२ यांतील फरक कागदावरचा राहत नाही.

सावकाश हाकण्याचा सल्ला खोटा नाही. वेग निम्मा केला तर अंतर चौथाई होते, हे याच सूत्रात दिसते. परंतु सावकाश हाकणाऱ्याचीही चाके घसरतात, आणि मागून येणारा सावकाश येईलच असे नाही. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाड्यांबद्दलही असाच एक भ्रम आहे. अशी गाडी हिमातून निघते झटकन. थांबताना मात्र तिला चार टायरांखेरीज दुसरा आधार नसतो. काही जण काटकसर म्हणून दोनच चाकांना हिवाळी टायर लावतात. तसे केल्यास पुढचा भाग रस्ता धरतो, मागचा घसरतो आणि वळणावर गाडी गरकन फिरते. लावावयाचे तर चारही लावावेत, किंवा मुळीच न लावता गाडी घरी ठेवावी!

हिवाळी टायर ही नवी कल्पना नव्हे. फिनलंडमधील नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी असे टायर काढले. दूरध्वनीमुळे आपल्या परिचयाचे झालेले नाव ते याच गावाचे. पुढे टायरांत धातूचे खिळे बसविण्याची पद्धत निघाली. बर्फावर ते उत्तम धरतात, पण बर्फ नसेल तेथे रस्ता उखडतात. जपानातील सेन्दाई शहरी त्यांच्यामुळे एवढी धूळ उडू लागली की लोकांच्या आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. १९९० साली जपानने त्यांविरुद्ध कायदाच केला आणि बिनखिळ्यांच्या हिवाळी टायरांना तेथे बरकत आली. आपल्याकडे मनालीला सहलीस गेलेल्यांनी टॅक्सीवाल्यांना चाकांभोवती साखळ्या गुंडाळताना पाहिले असेल. खोल हिमात साखळ्या कामी येतात. पण त्या मंद वेगापुरत्याच, आणि मोकळा रस्ता लागताच उतरवाव्या लागतात. रोजच्या ये-जा करण्याला तो उपाय नव्हे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. हिवाळी टायर उन्हात लवकर झिजतात आणि तापलेल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावता उन्हाळी टायरपेक्षा लांब जातात. म्हणून वर्षभर तेच ठेवणे हीही चूकच. दोन जोड घ्यावेत तर पैसा आणि जागा दोन्ही लागतात. मात्र एक जोड वापरात असताना दुसरा विसावा घेतो, त्यामुळे दोन्ही अधिक वर्षे टिकतात. हा हिशेब खर्चाविषयी कुरकुरणारे सोयीस्करपणे विसरतात. जेथे वर्षातून एखाददुसऱ्या दिवशीच हिम पडते तेथे मी स्वतः एवढा खर्च करा असे सांगणार नाही. त्या दिवशी बसने जावे. ओटावाची गोष्ट तशी नाही.

विकत घेणाऱ्याने टायरच्या बाजूवरील खूण पाहावी. नुसती 'एम' आणि 'एस' ही अक्षरे पुरेशी नाहीत. त्यांचा अर्थ चिखल व हिम एवढाच, आणि ती नक्षीच्या ठेवणीवरून घातली जातात. तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमाचे फूल, अशी खूण असेल तर तो टायर हिमावर प्रत्यक्ष कसोटीस उतरलेला असतो.

आमच्या विद्यार्थ्याने त्या प्रसंगानंतर आठवड्याभरात हिवाळी टायर घेतले. दुकानात रांग मोठी होती. पहिले हिम पडले की साऱ्या शहराला एकदमच जाग येते, असे तो म्हणाला. आता तो ऑक्टोबरातच दिवस ठरवून ठेवतो. उतरवलेले टायर ठेवावयास जागा नाही म्हणून ते सज्जात रचून ठेवले आहेत. घरच्या मंडळींशी चलत्चित्र-दूरध्वनीवर बोलताना मागे ती काळी चळत पाहून त्याच्या आईने विचारले, "नोकरी सोडून गॅरेज काढलेस की काय रे?" तेव्हा तिला हे सारे समजावून सांगता सांगता त्याचा अर्धा तास गेला, चौकातली गोष्ट मात्र त्याने तिला अजून सांगितलेली नाही.