‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नका

‘याचा मामाही उशिराच बोलायला लागला’, ‘मुलगे जरा उशिराच बोलतात’. कोलाड-रोहा परिसरात अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात. बरीच मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे त्यांचे काही अडत नाही. पण काही मुले स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली असतात. त्यांची मोलाची वर्षे या धीर देण्यातच निघून जातात.

फरक कसा ओळखायचा? मुलाचे शब्द मोजत बसू नका, ते बोलण्याआधी काय करते ते पाहा. वर्षाचे मूल हाक मारली की वळून बघते. दीड वर्षाचे मूल विमान दिसले की बोट दाखवते आणि आपणही पाहिले ना, म्हणून आपल्या तोंडाकडे बघते. हे होत नसेल, मूल नजरेला नजर देत नसेल, बराच वेळ गाडीचे चाकच फिरवत बसत असेल किंवा येणारे शब्द बंद झाले असतील, तर डॉक्टरांना दाखवा. आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येणारे मूलही हाकेला ओ देत नाही.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. आईची माया कमी पडल्याने तो होत नाही आणि लसीमुळेही नाही. लसीवर संशय घेणारा १९९८चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला.

मिक्सरचा किंवा वरातीतल्या डीजेचा आवाज यातील अनेकांना सोसत नाही. रोजचा रस्ता बदलला तरी ती बिथरतात. हा हट्ट नव्हे. पुढे काय होणार हे चित्रातून आधी दाखवले, तर ती बरीच शांत राहतात.

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहा. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरच्यांचा रोजचा सराव यांनी मात्र मूल पुष्कळ शिकते, आणि सुरुवात लवकर झाली तर अधिक.

त्यासाठी लगेच मुंबई गाठायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यांना शंका मोकळेपणाने सांगा. पुढच्या तपासणीसाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाले की ‘निरामय’ योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही घेता येतो.

‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रमाणपत्र टाळू नका. त्याने मुलावर शिक्का बसत नाही. शाळेत आणि पुढे नोकरीत हक्काची सवलत मागण्याचा तो आधार आहे.