साथीत शाळा उघडताना: सुरतेतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरतेतल्या शाळा कोरोनामुळे १६ मार्च २०२० रोजी बंद झाल्या, तेव्हा सरकारी आदेश दोन आठवड्यांचा होता. पहिली ते पाचवीचे वर्ग प्रत्यक्षात उघडले २२ नोव्हेंबर २०२१ला. बंदच्या दिवशी पहिलीत असलेलं मूल पुन्हा बाकावर बसलं तेव्हा तिसरीत होतं. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात आणि त्यांची मुलं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. या घरांतली भीती खरी होती. त्या भीतीला जोडून जी माहिती फिरत होती ती मात्र बरीचशी चुकीची होती, आणि आजही लोक ती तशीच सांगतात. पुढच्या साथीत या चुकीच्या माहितीवर निर्णय होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

“शाळा बंद ठेवली की मूल सुरक्षित”

हा सगळ्यांत पटणारा आणि सगळ्यांत महागात पडलेला गैरसमज. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ततपासणीचं चौथं सर्वेक्षण केलं. त्यात ६ ते ९ वयाच्या मुलांपैकी ५७.२ टक्के मुलांच्या आणि १० ते १७ वयोगटातल्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. मुलांसाठी लस तेव्हा नव्हतीच, म्हणजे ही सगळी मुलं संसर्गातून गेलेली होती. गुजरातेत तोवर प्राथमिकचे खालचे वर्ग एक दिवसही भरले नव्हते. मग संसर्ग आला कुठून? घरातून. एका खोलीत पाच-सहा माणसं, वडील लूमच्या खात्यात (कारखान्यात), काका डाइंग मिलमध्ये, आई बाजारात. मोठ्यांचं जग सुरू झालं होतं, बंद होती फक्त शाळा.

बंद शाळेची किंमत मोजली गेली ती वेगळ्याच ठिकाणी. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुलं शहरांत २४ टक्के होती आणि गावांत अवघी ८ टक्के. घरात मोबाइल एकच असेल आणि तो वडिलांबरोबर खात्यात जात असेल, तर वर्ग कुठला? गुजरातेत दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवर धडे दाखवले गेले, पण वाहिनी गुजराती, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला तिचा आधार कमीच. शिक्षकांनी गल्लीत, ओट्यावर बसून ‘शेरी शिक्षण’ चालवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण ती शाळेची भरपाई नव्हती.

“मुलांना काही होत नाही”

दुसऱ्या टोकाचं हे म्हणणंही तितकंच चूक. निरोगी मुलांमध्ये गंभीर आजाराचं प्रमाण फार कमी राहिलं, हे खरं. पण काही मुलांना संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी तीव्र ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असा अनेक अवयवांना सूज आणणारा आजार झाला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. दमा, जन्मजात हृदयविकार, मधुमेह असलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांचा वेगळा सल्ला हवा, सरसकट धीर नको.

‘तिसरी लाट मुलांनाच गाठणार’ ही २०२१च्या उन्हाळ्यातली अफवा आठवत असेल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे महिन्यातच सांगितलं होतं, की लाट मुलांनाच निवडून गाठेल याला आधार नाही. जुलैत आयसीएमआरचे महासंचालक बलराम भार्गव यांनी तर, शिक्षक-कर्मचाऱ्यांचं लसीकरण करून आधी प्राथमिक शाळा उघडाव्यात, असं सुचवलं. आपला क्रम मात्र आधीपासूनच उलटा होता. गुजरातेत ११ जानेवारी २०२१ला दहावी-बारावी उघडली, १ फेब्रुवारीला नववी-अकरावी, १८ फेब्रुवारीला सहावी ते आठवी. दुसऱ्या लाटेनंतरही क्रम वरून खालीच राहिला. बोर्डाची परीक्षा समोर होती म्हणून हा क्रम आला, धोका कुठे कमी आहे हे पाहून नव्हे. सहा वर्षांचं मूल पडद्यावरून अक्षर गिरवायला शिकत नाही, सतरा वर्षांचं मूल काही काळ तरी निभावून नेतं. त्यामुळे माझ्या मते हा क्रम चुकला.

“रोज सॅनिटायझेशन होतं, दारात ताप मोजतात, मग काळजी कसली?”

इथे जरा थांबायला हवं, कारण शाळांचा सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसा याच कामी गेला.

सुरतेला स्वच्छतेची सवय १९९४च्या प्लेगनंतर लागली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारं, फवारणी यांची शिस्त बसवली आणि शहराचा चेहरा बदलला. त्या यशाचा अभिमान योग्यच आहे. मला वाटतं, त्यामुळेच साथ म्हटलं की इथे हात आधी फवाऱ्याकडे जातो. कोरोना मात्र मुख्यतः हवेतून पसरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) एप्रिल-मे २०२१ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मान्य केलं. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी, असाही सीडीसीचा निष्कर्ष होता. बाकं पुसावीत, हात साबणाने धुवावेत. जुलाब, कावीळ टाळायला ते लागतंच. पण बाक पुसून वर्गातली हवा बदलत नाही. माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे तर घातकच होते. आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच त्याविरुद्ध सांगितलं होतं.

दारातल्या तापमापक बंदुकीचंही तसंच. लागण झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आजार पसरवू शकतो, आणि कित्येक मुलांना ताप येतच नाही. उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ मात्र उगाच तापलेलं लागतं.

बोलताना, ओरडून पाढे म्हणताना, प्रार्थना गाताना तोंडातून निघणारे सूक्ष्म कण बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे साचतात. पहिल्या बाकावरचा धूर शेवटच्या बाकावर पोचतो, सहा फुटांची रेघ तो पाळत नाही. छताचा पंखा तीच हवा गरगर फिरवतो आणि क्लासमधला स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतो. दोघेही बाहेरची हवा आत आणत नाहीत. आपल्या शाळांच्या खिडक्या लूमच्या खडखडाटाने, रस्त्यावरच्या धुळीने, डासांनी आणि पावसाने बंद राहतात. उपाय मात्र साधे आहेत. समोरासमोरची दारं-खिडक्या उघड्या ठेवा. खिडकी एकाच बाजूला असेल तर हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवा. प्रार्थना, कविता, मधली सुट्टी आणि जेवण व्हरांड्यात किंवा मैदानात घ्या. तासाला किमान पाच वेळा खोलीतली हवा बदलावी, असं सीडीसी २०२३ पासून सांगते. ते कळायला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. मोकळ्या हवेत ते ४२० पीपीएमच्या आसपास आकडा दाखवतं. वर्गात तो ८००च्या आत राहिला तर हवा खेळती आहे, दीड हजारांवर गेला तर मुलं एकमेकांचे श्वास घेत आहेत. एक यंत्र सगळ्या वर्गांतून फिरवता येतं.

बाकांवरच्या प्लास्टिकच्या पडद्यांनी काही खासगी शाळांत पालकांना बरं वाटलं असेल. अमेरिकेतल्या पालकांच्या एका मोठ्या पाहणीत (२०२१, ‘सायन्स’ नियतकालिक) त्यांचा फायदा दिसला नाही, उलट नुकसानीचीच चिन्हं होती. शिक्षकांचा मास्क आणि रोज लक्षणांची चौकशी हे उपाय उपयोगी ठरले. सात किंवा अधिक उपाय एकत्र वापरणाऱ्या शाळांमुळे घरच्यांचा वाढीव धोका जवळपास उरला नाही.

“सहा फूट अंतर ठेवता येत नाही, म्हणजे शाळा उघडताच येणार नाही”

केंद्राच्या ऑक्टोबर २०२०च्या नियमांत सहा फूट होतं. जागतिक आरोग्य संघटना एक मीटर म्हणत होती, आणि सीडीसीने मार्च २०२१ मध्ये मास्क असलेल्या वर्गांसाठी तीन फूट पुरेसं मानलं. अंतर हा अनेक उपायांपैकी एक आहे. जागा नसेल तर निम्मी मुलं एकाआड एक दिवस बोलवता येतात. गुजरातेत वर्ग अर्ध्या उपस्थितीने भरलेच होते.

मास्कने प्राणवायू कमी होतो, हीही भीती निराधार. प्राणवायूचे रेणू कापडाच्या छिद्रांपुढे अतिशय लहान असतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, बारा वर्षांपुढे मोठ्यांसारखाच, आणि मधल्या वयात परिस्थिती पाहून, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितलं होतं.

“मुलांना लस मिळेपर्यंत थांबू”

थांबलो असतो तर खालचे वर्ग अजून बंद असते. १५ ते १८ वयाची लस ३ जानेवारी २०२२ला सुरू झाली, १२ ते १४ची १६ मार्चला. त्याहून लहान मुलांसाठी सार्वत्रिक मोहीम झालीच नाही. लहानांभोवतीची भिंत मोठ्यांच्या लसीने बांधली जाते. २०२१च्या शिक्षक दिनाआधी सर्व शिक्षकांना लस मिळावी म्हणून केंद्राने राज्यांना दोन कोटी जादा डोस दिले. पालकांनी विचारायचा खरा प्रश्न तोच होता: शिक्षक, शिपाई, रिक्षावाले काका आणि आपण स्वतः, सगळ्यांचे डोस पूर्ण आहेत का?

“शाळेत रुग्ण सापडला, म्हणजे उघडणं चुकलं”

मार्च २०२१ मध्ये शहरात रुग्ण वाढले आणि सुरतेसह आठ महापालिकांत १९ मार्चपासून प्रत्यक्ष वर्ग बंद झाले. शाळांत रुग्ण सापडत होतेच. पण शहरात साथ चढत असेल तर ती शाळेतही दिसणार. मूल शाळेत आजारी दिसलं म्हणजे त्याला लागणही तिथेच झाली, असं नव्हे. अशा वेळी तो वर्ग काही दिवस घरी बसवायचा, जवळच्यांची चाचणी करायची आणि बाकीची शाळा चालू ठेवायची.

यातलं सगळ्यांत अवघड काम यंत्राने होत नाही. आजारी मुलाला घरी ठेवणं ते. रोजंदारीवर किंवा साड्यांना लेस लावून घर चालवणाऱ्या आईला एक दिवस घरी थांबणं म्हणजे तेवढी मजुरी बुडणं. मग ती मुलाला गोळी देऊन शाळेत पाठवते. तिला दोष देण्याऐवजी शाळेने काही गोष्टी बदलायला हव्यात. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस साथीच्या काळात बंद करावं. आजारपणाची गैरहजेरी कुठेही अडचणीची ठरू नये. मध्यान्ह भोजनाचं धान्य त्या मुलाच्या घरी पोचावं. बुडालेला अभ्यास शिक्षकाने परत घ्यावा. लवचीक हजेरी आणि आजारपणाची रजा यांची सूचना केंद्राच्या २०२०च्या नियमांतच होती, पण सॅनिटायझरच्या बाटल्यांइतकं लक्ष तिच्याकडे गेलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत हा ठराव लेखी करून घ्या आणि तो वर्गाच्या दारावर मराठीत लावा.