नऊ फुटी स्वार

बारा इंची ॲक्शन फिगर जमवणाऱ्याच्या कपाटात सगळं मापात असतं. कोटाची बटणं मापात, कमरेचा पट्टा मापात, बंदुकीचा घोडासुद्धा मापात. गडबड होते ती चार पायांचा घोडा आणल्यावर.

या बाहुल्यांचं प्रमाण १:६. बाहुल्या म्हटलेलं शौकिनांना खपत नाही. हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुलीला हात लावणार नाहीत या धास्तीनेच ‘ॲक्शन फिगर’ हे नाव पुढे केलं होतं. हिशेब सोपा आहे: सहा फुटी माणूस एक फुटाचा. घोड्याची उंची मात्र डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात, आणि तीही हँडमध्ये. एक हँड म्हणजे ४ इंच. स्वारीचा मध्यम घोडा १५ हँडचा, म्हणजे ६० इंचांचा धरला, तर १:६ मध्ये त्याची पाठ जमिनीपासून १० इंचांवर यायला हवी.

प्लास्टिकच्या घोड्यांत सगळ्यांत नावाजलेले अमेरिकेतल्या ब्रायर कंपनीचे. १९५० साली वूलवर्थ दुकानांच्या शोभेच्या घड्याळासाठी त्यांनी पहिला घोडा ओतला आणि पुढे घड्याळ मागे पडून घोडाच धावत सुटला. त्यांच्या मोठ्या ‘ट्रॅडिशनल’ घोड्यांचं प्रमाण १:९. फळीवर एकटा उभा असला की तो रुबाबदार दिसतो. सहा आणि नऊ, फरक तो काय, असं म्हणून माणूस आपला बारा इंची सरदार त्यावर चढवतो.

आता हा जोडा खऱ्या जगाच्या मापात वाढवून बघा. घोडा ९ पट केला की १५ हँडचा. त्याच पटीत वाढवलेला स्वार होतो ९ फुटी! इतिहासात नोंदलेला सगळ्यांत उंच माणूस, अमेरिकेचा रॉबर्ट वॅडलो, ८ फूट ११.१ इंचांचा होता. म्हणजे तुमचा सरदार त्याच्याही वर डोकं काढतो. उंचीचं एक वेळ चालवून घेऊ, वजनाचं काय? लांबी दीडपट झाली की घनफळ दीडाचा घन, ३.३७५ पट. ७८ किलोचा माणूस २६३ किलोंचा होतो आणि ४७० किलोंच्या घोड्यावर बसतो. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं वाहू नये असा घोडेवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. इथे निम्म्याहून जास्त झालं, खोगीर अजून ठेवायचंच आहे.

उलटी चूकही होते. पावणेचार इंची फिगर १:१८ ची. तिला ब्रायरच्या ‘क्लासिक’ मालिकेतला, १:१२ चा घोडा दिला तर ५ इंचांची पाठ १८ पटीने ९० इंचांवर जाते. साडेबावीस हँड! आजवरच्या नोंदींतला सर्वांत उंच घोडा म्हणजे इंग्लंडमध्ये १८४६ साली जन्मलेला सॅम्पसन हा शायर जातीचा घोडा. त्याची पाठ होती साडेशहाऐंशी इंचांवर. खोक्यावरचे आकडे न वाचता खरेदी केली की एका फळीवर जगातला सर्वांत उंच माणूस आणि दुसरीवर सर्वांत उंच घोडा, असे दोन विक्रम फुकटात पडतात.

खोक्यावरचा एक आकडा खरं तर तीन आकडे असतात. १:६ म्हणजे लांबीला ६, पृष्ठभागाला ३६, वजनाला २१६. मांसाचाच घोडा तसाच आकसला असता तर ४७० किलोंचे झाले असते २ किलो १७६ ग्रॅम. १:३२ च्या चिमुकल्या घोड्याला हाच नियम लावला तर जेमतेम १४ ग्रॅम, कारण खऱ्या एका घोड्याच्या घनफळात तसे ३२,७६८ मावतात.

दुकानात एवढं गणित कोण करणार? फिगर घोड्याशेजारी उभी करावी. १५ हँडच्या घोड्याची पाठ सहा फुटी माणसाच्या खांद्याला लागते. मग घोड्याचं तोंड मोजावं. चित्रकार पाठीची उंची अडीच तोंडांची धरतात. म्हणजे १० इंची घोड्याला ४ इंचांचं तोंड हवं. खेळण्यांचे कारखाने नेमकं हेच तोंड लहान करतात, डोळे मोठे करतात, आणि घोड्याचं हरीण होतं. पायांचं उलट. १६३८ साली गॅलिलिओने दाखवून दिलं की प्राणी आकाराने वाढला की हाडं प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात. लहान होताना ओझं २१६ पटीने उतरतं, पायाचा छेद फक्त ३६ पटीने, म्हणजे ताण सहाव्या हिश्श्यावर येतो. तेव्हा बळकटीच्या नावाखाली दिलेले खांबासारखे पाय मला तरी पटत नाहीत.

मराठा बारगीर करणाऱ्याने तर १० इंचही विसरावेत. चौकाचौकांतल्या पुतळ्यांनी आपल्या डोळ्यांना भरदार, उंच घोड्याची सवय लावली आहे. भीमेकाठचं भीमथडी तट्टू बुटकं आणि काटक. साडेतेरा हँड धरलं तर पाठ ९ इंचांवर येते आणि स्वाराचे पाय पोटाखाली जास्त लोंबतात. तेच बरोबर दिसतं.

खोगीर आणि लगामाशी आलं की प्रमाण आणखी छळतं. ४ मिलिमीटरचं कातडं ०.६७ वर तासावं लागतं. इंचाला ८ टाके असतील तर इथे ४८, अर्ध्या मिलिमीटरला एक. कातड्यावरची रंध्रं मात्र आकसत नाहीत, म्हणून गुळगुळीत कातडं शोधावं. शेपटीचं एकच नशीब चांगलं: घोड्याच्या शेपटीचा दीडशे मायक्रॉनचा केस सहाव्या हिश्श्याने पंचवीसचा होतो, आणि अंगोरा बोकडाच्या कोवळ्या मोहेरची जाडी तेवढीच असते.

रिकिबीचा पट्टा मात्र कसाही केला तरी फसतो. गुरुत्वाकर्षण काही सहा पटीने वाढलेलं नसतं. जाडी आणि लांबी नेमकी १:६ केली की पट्टा आपल्या वजनाच्या मानाने सहापट ताठ होतो, आणि रिकीब लोंबण्याऐवजी काडीसारखी बाहेर उभी राहते. खऱ्यासारखं लोंबायचं तर तेच कातडं ०.२७ मिलिमीटरवर आणावं लागतं, मग कडेने बघितलं की ते कागदासारखं पातळ दिसतं. जाडी बरोबर हवी की लोंबणं, दोन्ही एकदम मिळत नाही. मी खोगिराचं कातडं ०.६७ वर ठेवीन, पट्टे तेवढे ०.२७ वर तासीन. कड कुणी भिंग लावून बघितली तर बघू दे.