रेड्याच्या शेणाच्या टेकड्या

एक होता रेडा. असातसा नव्हे, अजस्र. रोज यायचा आणि गावाचं उभं पीक फस्त करून जायचा. गावकरी टेकीला आले. शेवटी त्यांनी नासकं-सडकं अन्न गोळा केलं आणि त्याच्या वाटेत नेऊन ठेवलं. रेड्याने ते मिटक्या मारत खाल्लं आणि त्याचं पोट असं काही बिघडलं की विचारू नका. जाईल तिथे शेण! ते ढीग उन्हात वाळले, घट्ट झाले आणि त्यांच्या टेकड्या झाल्या.

हसताय काय? फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर ही गोष्ट सांगतात. टेकड्यांच्या आणखीही गोष्टी आहेत तिथे. एकीत दोन राक्षस एकमेकांवर दगडमाती फेकत दिवसच्या दिवस भांडतात, दमतात, मैत्री करतात आणि पसारा तसाच टाकून निघून जातात. दुसरीत आरोगो नावाचा राक्षस माणसाच्या मुलीच्या, आलोयाच्या, प्रेमात पडतो. ती मरते, तो रडतो आणि त्याच्या आसवांच्या टेकड्या होतात. पर्यटकांना ही आसवांची गोष्ट फार आवडते. मला मात्र रेड्याचीच खरी वाटते. खरी म्हणजे शेतकऱ्याने रचलेली. पीक कुणी खाल्लं, हे त्यात पहिल्यांदा येतं.

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटांचा देश. त्यातलं बोहोल म्हणजे एक अख्खा प्रांत. त्याची राजधानी टॅगबिलारान समुद्रकाठी आहे. तिथून साठेक किलोमीटर आत, बेटाच्या मध्यावर, कार्मेन. कार्मेनला नगरपालिका आहे, पण म्हणून डोळ्यांपुढे शहर आणू नका. 29 बारांगाय, म्हणजे आपल्या भाषेत गावं-वाड्या, मिळून वस्ती 50 हजारांच्या आसपास. गाव भातशेतीचं. आणि त्या भातशेतीच्या मधोमध, जिकडे बघावं तिकडे, टेकड्या.

किती? कुणी 1,268 म्हणतं, कुणी 1,776. कार्मेन, बातुआन आणि सागबायान या तीन गावांच्या शिवारात बहुतेक, थोड्या आजूबाजूला. 50 चौरस किलोमीटरहून जास्त जागा व्यापलीय त्यांनी. बहुतेक 30 ते 50 मीटर उंच, सगळ्यात मोठी 120 मीटरांची. आणि आकार? पानात वाटीने भाताची मूद पाडतात ना, तसा. एकेक सुटी, गोलसर, घाटदार. झाड जवळपास नाही, नुसतं गवत. पावसाळ्यात ते हिरवंगार असतं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत करपून तपकिरी होतं, म्हणून जगाने त्यांचं नाव ठेवलं चॉकलेट हिल्स. फिलिपिन्सच्या 200 पेसोंच्या नोटेवरही या टेकड्या छापल्या आहेत.

आता त्या कुणी केल्या, ते बघायचं तर आधी एक काम करा. अंड्याचं कवच घ्या, धुवा आणि पेल्यात व्हिनेगर ओतून त्यात टाका. लगेच बुडबुडे येतील. एक-दोन दिवसांनी बघा, टणक कवच गायब आणि हातात नुसता पातळ पापुद्रा! कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. आम्ल त्याला विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून निघून जातो. चुनखडीचा दगडही त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा. कार्मेनच्या टेकड्या चुनखडीच्या आहेत.

"पण आजोबा, तिथे व्हिनेगर कुणी ओतलं?"

पावसाने. पावसाचा थेंब खाली येता येता हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पोटात घेतो. मातीत मुरताना, मुळांच्या आणि कुजणाऱ्या पानांच्या संगतीत, आणखी पुष्कळ घेतो. मग तो अगदी सौम्य आम्ल होतो. इतकं सौम्य की तुम्ही प्यायलात तरी कळणार नाही. पण चुनखडीला कळतं.

तर सुमारे वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी आजचं कार्मेन उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी होतं. तिथे प्रवाळ वाढत होते, शिंपले आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आपापली चुनखडी घरं बांधत होते. जीव मेले की घरं तळाशी. थरावर थर. मग जमिनीखालच्या प्रचंड तबकड्या एकमेकींना रेटू लागल्या आणि तो तळ हळूहळू वर आला, समुद्राबाहेर, शेकडो फूट उंच. आजही या टेकड्यांच्या दगडात शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात. डोंगरात शिंपला! बेटाच्या मध्यावर, भाताच्या खाचरापाशी!

दगड वर आला की पावसाची पाळी. जिथे भेग असेल तिथून पाणी शिरायचं, भेग रुंदावायची, रुंद भेगेत जास्त पाणी, जास्त पाण्याने ती आणखी रुंद. भेगांचे खोलगट भाग झाले, खोलगट भाग एकमेकांना मिळाले आणि सपाटी झाली. मधे जे उरलं, त्या टेकड्या. कुणी टेकड्या रचल्या नाहीत. त्यांच्या आजूबाजूचं तेवढं गेलं. आपल्या सह्याद्रीत हे होणार नाही. आपला काळा बेसाल्ट पाण्याने फुटतो, झिजतो, पण चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे कडे आणि पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर.

टेकडीवर झाडं का नाहीत, हेही त्यातच आलं. पाणी भेगांतून झर्रकन खाली जातं आणि वर मातीचा थर पातळ. गवताचं भागतं, मोठ्या झाडाचं भागत नाही.

पण गंमत खाली आहे. चुनखडी विरघळली तरी तिच्यातली माती विरघळत नाही. ती खाली उतरते आणि सपाटीत साचते. टेकडीने धरून न ठेवलेलं पाणीही खालीच येतं. माती आणि पाणी एके ठिकाणी आलं की भातशेती करणारा माणूस तिथे येणारच. रेडे चिखलणी करतात, लावणी होते, बांधाबांधाने पाणी फिरतं. ब्युनोस आयरेस नावाच्या बारांगायातल्या एका टेकडीवर दोनशेहून जास्त पायऱ्या चढून लोक जातात, टेकड्यांचे फोटो काढतात आणि खाली उतरतात. मला विचाराल तर वर गेल्यावर टेकड्यांच्या मधे बघावं. गाव तिथे जेवतं.

चुनखडीच्या पोटात पाणी गुहाही कोरतं. या बेटावर 1744 साली फ्रान्सिस्को दागोहोयने तिथल्या स्पॅनिश राजवटीविरुद्ध बंड केलं ते 1829 पर्यंत, म्हणजे 85 वर्षं, चाललं. बंडवाल्यांना रानांनी आणि गुहांनी आसरा दिला. पावसाला काय ठाऊक, आपण कुणासाठी भुयारं खणतोय!

गावाच्या जेवणाचं निघालंय तर बोहोलचं कोनफळही सांगायला हवं. हो, आपलंच, जांभळ्या गराचं. तिथे त्याला ऊबी म्हणतात. ते हातातून खाली पडलं तर उचलून त्याचं चुंबन घ्यायचं, अशी रीत आहे. दुष्काळात भात गेला तेव्हा या कंदानेच माणसं जगवली, असं जुने लोक सांगतात. आपण पायाला लागलेलं अन्न डोळ्यांना लावतो, ते ओठांना लावतात.

अलीकडे या टेकड्यांच्या पायथ्याशी वेगळेच लोक आले. 1988 साली टेकड्यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं, 2023 मध्ये युनेस्कोने सगळं बोहोल जागतिक भूउद्यान म्हणून स्वीकारलं, आणि 2024 मध्ये उघडकीला आलं की सागबायानच्या हद्दीत टेकड्यांना खेटून पोहण्याचा तलाव आणि घसरगुंड्यांसह एक रिसॉर्ट उभं आहे. देशभर ओरडा झाला, ते बंद करायला लावलं. रेड्याने पीक खाल्लं तेव्हा निदान त्याला काय खातोय ते कळत नव्हतं.

"आजोबा, ती जमीन वर आली म्हणालात. ते कुणी पाहिलं?"

पाहिलं ना. 15 ऑक्टोबर 2013, सकाळ. सागबायानजवळ 7.2 क्षमतेचा भूकंप झाला. 200 हून जास्त माणसं गेली. टेकड्यांच्या कडा ढासळल्या, गवताखालची पांढरी चुनखडी उघडी पडली, कार्मेनचा पाहणीमनोरा मोडला. बोहोलमधल्याच लोऊन आणि मारिबोहोक या गावांची प्रवाळदगडाची जुनी चर्च कोसळली. बाक्लायोनचं चर्च जखमी झालं. त्याच्या बांधकामात अंड्यांचा पांढरा बलक मिसळला होता म्हणतात. कवचही चुन्याचं, चर्चही चुन्याचं, बघा! इनाबांगाकडे जमीन फाटली आणि एक बाजू तीन मीटरपर्यंत वर आली, शेतात जशी काही भिंत उगवली. आणि लोऊन-मारिबोहोकच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ मीटरभर वर उचलला गेला. किनारा पुढे सरकला. सकाळपर्यंत पाण्याखाली असलेले प्रवाळ उघड्यावर पडले आणि उन्हात पांढरे झाले.

"मग तिथेही आता टेकड्या होणार?"

मीटरभराने काय होतंय! कार्मेनइतकं वर यायला असे शेकडो धक्के लागतील, आणि मग लाखो वर्षांचा पाऊस. तिथल्या लोकांना विचाराल तर त्यांना त्यातला आणखी एकही धक्का नको आहे.